रजा, सिंह आणि समुद्र



पत्रिकेत आमच्या नावापुढे 'आफ्रिकेच्या सफरीचा बेत' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना तो छापखान्याचा दोष वाटला असेल. ज्याचा जन्म कारखान्यांच्या दरवाज्यांवर सभा घेण्यात गेला, त्याने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. सिंहाशी आणि समुद्राशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो रजेचा आहे. गेली काही वर्षे आमच्या कचेरीत सभासद जसे आरोपपत्र घेऊन येतात, तशी प्रवास कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकेही घेऊन येतात. कोणी निवृत्त होत असतो, कोणाच्या हाती फंडाची रक्कम आलेली असते, कोणाचा मुलगा आईवडिलांना पाठवू म्हणत असतो. "एवढे वाचून सांगा, ह्यात मेख कुठे आहे?" असे ते विचारतात. करारनामे वाचण्याची सवय असल्यामुळे आम्ही ही पत्रकेही तशीच वाचू लागलो, नकाशे पाहू लागलो, जाऊन आलेल्यांना बोलते करू लागलो. त्यातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

आरंभी शब्दाचीच गोष्ट घेऊ. 'सफारी' हा शब्द इंग्रजांचा नव्हे. तो पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचा, आणि स्वाहिलीत तो अरबीतून आला. आपली 'सफर' तीच. स्वाहिलीत पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात. सिंहाला 'सिंबा' म्हणतात, तेव्हा नाते लावण्याचा मोह होतो. पण तो शब्द तिकडच्या बांटू कुळातला आहे, आपल्याकडून गेलेला नाही. असो. सांगायचे एवढेच, की ज्या देशाला आपण परका समजतो, तो आपल्या समुद्राच्या पलीकडच्या काठावरचा शेजारी आहे.

आता मुद्द्याकडे वळू. बेत करायचा म्हटला, की प्रत्येक जण पहिला प्रश्न 'किती रुपये?' असा विचारतो. आमच्या मते पहिला प्रश्न 'किती दिवस?' हा आहे. रुपया उसना मिळतो, दिवस उसना मिळत नाही. ज्याला आपण सुट्टी म्हणतो, ती कोणी कृपा म्हणून दिलेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळू लागली. पगारी वार्षिक रजेला १९४८ च्या कारखाने कायद्याने पक्की बैठक दिली. वर्षात २४० दिवस भरले, की दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी श्रमसंहिता लागू झाली. तीत पात्रतेचे दिवस १८० झाले, पण विसास एक हे प्रमाण कायम राहिले. म्हणजे २४० दिवस घाम गाळला, की १२ दिवस आपले. एवढ्या मोलाने मिळालेले १२ दिवस मोटारीच्या खिडकीत बसून घालवायचे, की त्यांतून काही पाहायचे, हाच बेताचा खरा प्रश्न आहे.

माहितीपत्रकांत हमखास दिसणारा एक नमुना घ्या. सहा रात्री, आणि त्यांत नैरोबी, मसाईमारा, नाकुरू, अंबोसेली आणि शेवटी मोंबासाचा समुद्र! नावे पाच, चित्रे पंधरा. पण नकाशा उघडून बसा. नैरोबीहून माऱ्याला पाचसहा तास. माऱ्याहून नाकुरूला जवळजवळ तेवढेच. नाकुरूहून अंबोसेलीला जवळजवळ सारा दिवस. आता वनराजांची दिनचर्या पाहा. सिंह दिवसाचे वीसेक तास पडून असतो. जनावरे हालचाल करतात ती उजाडताना आणि उन्हे उतरल्यावर. नेमक्या त्या वेळी आपण रस्त्यावर असलो, तर दुपारी बाराला पोहोचून काय पाहणार? एका ठिकाणी एक रात्र राहिलात, तर एक संध्याकाळ आणि एक धावती सकाळ, अशा दोन फेऱ्या पदरात पडतात. तिथेच तीन रात्री राहिलात, तर सहा पडतात. रात्री तिप्पट झाल्या, फेऱ्या तिप्पट झाल्या. पण जाण्यायेण्याचा रस्ता तेवढाच राहिला. म्हणून आमचे पहिले सूत्र असे: दिवस कमी असतील तर ठिकाणे कमी करा, मुक्काम कमी करू नका.

दुसरा प्रश्न कधी जावे हा. आपली सवय मे महिन्याची. मुलांना सुट्टी, गावी जायचे दिवस. पण मार्च ते मे हे केनियातले मोठ्या पावसाचे दिवस. रस्ते चिखलाचे, गवत उंच, समुद्र गढूळ. दिवाळीच्या सुमारास तिथला लहान पाऊस सुरू होऊ लागतो. म्हणजे आपल्या दोन्ही ठरलेल्या सुट्ट्या तिथे बेताच्याच ठरतात. टांझानियातल्या सेरेंगेटीतून दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे गवताच्या शोधात उत्तरेकडे सरकतात. त्यांचे मोठे कळप माऱ्यात सामान्यतः जुलै ते ऑक्टोबरमध्ये असतात. मगरींनी भरलेली मारा नदी ते ओलांडतात, ते ह्याच दिवसांत. मात्र कळप आज उतरेल की चार दिवसांनी, हे कोणीही सांगू शकत नाही. जो कंपनीवाला हमी देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

समुद्राचे गणित निराळे आहे. तिथे दोन वारे आहेत. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेकडचा, त्याला 'कुसी' म्हणतात. आणि नोव्हेंबर-डिसेंबर ते मार्च ईशान्येकडचा, त्याला 'कास्काझी' म्हणतात. ह्याच वाऱ्यांवर शतकानुशतके आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते हिवाळ्यात तिकडे गेली आणि वारा फिरल्यावर परतली. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. वसईच्या किल्ल्यात जी पोटफुगी गोरखचिंच उभी आहे, तीही मूळची आफ्रिकेची. त्सावोत तिची भावंडे दिसतात. कुसी जोरात असताना समुद्र खवळलेला आणि कास्काझीत निवळलेला असतो. म्हणजे कळप पाहायचे तर जुलै-ऑगस्ट उत्तम, पण समुद्र नाराज. निवळ समुद्र हवा तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, पण मोठे कळप सेरेंगेटीत. दोन्ही थोडेथोडे साधायचे असेल, तर गणपती विसर्जनानंतर दसऱ्यापर्यंतचे दिवस पाहावेत. ज्यांचा हात आखडता आहे, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी धरावा. सिंह, हत्ती, जिराफ माऱ्यात बारमाही आहेत. शिवाय २०२४ पासून तिथले परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जूनमध्ये माणशी १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर झाले आहे, आणि तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशा बारा तासांचे. तीन दिवसांचा आणि दोन माणसांचा फरक आपणच काढून पाहा.

ह्या हिशेबाने आम्ही एक आराखडा सुचवतो. मुंबईहून नैरोबी विमानाने सुमारे सहा तास. पहिली रात्र नैरोबीत विश्रांती. मग माऱ्यात तीन रात्री. परत नैरोबीत एक रात्र. तिथून आगगाडीने व्होई, आणि त्सावोत दोन रात्री. शेवटी मोंबासाच्या दक्षिणेस डियानीच्या किनाऱ्यावर तीन रात्री. एकूण दहा रात्री, अकरा दिवस. बारापैकी एक दिवस उरतो, तो घरी येऊन कपडे धुण्याला आणि झोपेला ठेवा. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पाळीला उभे राहणारा माणूस प्रवासाचा सारा आनंद यंत्रापुढे डुलक्या घेत फेडतो.

विमान न घेता आगगाडी का, असे कोणी विचारील. मोंबासा-नैरोबी ही नवी रुंद रेल्वे ३१ मे २०१७ रोजी सुरू झाली. ती त्सावोच्या रानातूनच जाते, आणि जनावरांना खालून जाता यावे म्हणून जागोजाग उंच उचललेली आहे. लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती डब्यातून दिसू शकतात. व्होईला उतरायचे तर मधल्या स्थानकांवर थांबणारीच गाडी पाहून तिकीट काढावे. पण आमच्या मनात आगगाडीचे कारण आणखी एक आहे, आणि तेवढ्यासाठी आपला थोडा वेळ घेतो.

ह्या नव्या रेल्वेच्या आधी, १८९६ ते १९०१ ह्या काळात, मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी जुनी रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले. बहुतेक पंजाबचे, कराची बंदरातून गेलेले. करार तीन वर्षांचा, साध्या मजुराला महिना १५ रुपये आणि शिधा. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच मेले. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंह मजुरांच्या तंबूंतून माणसे ओढून नेऊ लागले. त्यांनी किती मारली, ह्याचे आकडे २८ पासून १३५ पर्यंत सांगतात. पुलाचा इंजिनियर पॅटरसन ह्याने ते सिंह मारले, १९०७ मध्ये पुस्तक लिहिले, पुढे चित्रपट निघाले, आणि सिंहांची कातडी शिकागोच्या संग्रहालयात गेली. हे सारे सफरीचे मार्गदर्शक सांगतात. जे सहसा सांगत नाहीत ते असे, की डिसेंबर १८९८ च्या आरंभी शेकडो मजुरांनी काम बंद केले. आम्ही रूळ टाकायला आलो आहोत, सिंहाचा घास व्हायला नव्हे, असा त्यांचा पवित्रा होता. त्यांनी जाणारी गाडी अडवली, तीत चढले आणि निघून गेले. सुमारे तीन आठवडे पुलाचे काम थांबले. पुढे सिंह मारले गेल्यावर ते परतले आणि पूल पुरा झाला.

सुरक्षिततेसाठी केलेला हा संपच होता. कारखान्यात यंत्राला जाळी बसवा म्हणून काम थांबवणारा आमचा माणूस आणि त्सावोचा तो मजूर ह्यांत आम्हांला फरक दिसत नाही. आपण कर्जतहून खंडाळ्याकडे जाताना बोरघाट पाहतो. तो फोडताना हजारो मजूर गेले, त्यांचे नाव बोगद्यावर नाही. त्सावो नदी ओलांडताना डब्यातल्या मंडळींनी क्षणभर त्या मजुरांची आठवण काढावी, एवढीच विनंती. सिंहांची आठवण काढणारे पुष्कळ आहेत.

नैरोबीतली मधली रात्रही वाया घालवू नये. तिथल्या रेल्वे संग्रहालयात जुन्या मार्गाच्या वस्तू ठेवल्या आहेत. आणि मराठी माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ नैरोबीत हिंदुस्थानचे आयुक्त होते. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी एवढी मैत्री ठेवली, की गोऱ्या सरकारला ते डोळ्यांत सलू लागले. गोमंतकीय आईबापांचा, नैरोबीत १९२७ साली जन्मलेला पियो गामा पिंटो तरुणपणी मुंबईत टपाल-तार खात्यात होता आणि तिथल्या संपात उतरला होता. केनियात परतून तो स्वातंत्र्याच्या आणि कामगारांच्या चळवळीत पडला, १९५४ ते १९५९ स्थानबद्ध राहिला. देश स्वतंत्र झाल्यावर २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्याचा खून झाला. सिटी पार्कच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. मखनसिंग ह्यांनी १९३५ साली तिथे कामगार संघटना बांधली, आणि पुढे अकरा वर्षे बंदिवासात काढली. ही ओळख घेऊन गेलात, तर नैरोबी तुम्हांला नुसता विमान बदलण्याचा थांबा वाटणार नाही.

आता कराराकडे येऊ. व्यवस्थापनाशी बोलणी करताना आम्ही तोंडी वचनावर कधी उठत नाही. तुम्हीही उठू नका. कंपनीकडून लेखी घ्यावे ते असे. एका गाडीत माणसे किती, आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार की नाही? प्रवेशशुल्क किंमतीत धरले आहे की वेगळे, आणि किती दिवसांचे? दिवसाला फेऱ्या किती? जेवण शाकाहारी हवे तर ते तळावर मिळेल की नुसती काकडी-टोमॅटोवर बोळवण? बेत रद्द झाला तर पैसे किती परत आणि किती दिवसांत? 'जंगलाजवळ मुक्काम' असे लिहिले असेल, तर जवळ म्हणजे दरवाज्यापासून किती मैल? 'आदी', 'वगैरे' आणि 'शक्य असल्यास' हे तीन शब्द जिथे दिसतील, तिथे पेन्सिलीने खूण करा. मेख तिथेच असते.

आणि आणखी एक कलम, जे कोणी विचारत नाही. गाडी चालवणारा माणूस कुठे झोपतो, काय खातो, आणि सलग किती तास चाक धरतो? पहाटे साडेपाचला तो गाडी पुसून उभा असतो आणि रात्री तुम्ही जेवता तेव्हा तेल भरत असतो. त्याला वेतन आहे की तो बक्षिशीवरच आहे, हे विचारा. हा परोपकार नव्हे. झोप न झालेल्या चालकाच्या हाती आपलेच प्राण असतात. 'आणखी जवळ ने' म्हणून त्याच्या मागे लागू नका. वाट सोडून गाडी घातली तर दंड त्याला, आणि चित्ता भुकेला राहतो तो आपल्यामुळे. बक्षीस द्यायचे ते गटाने आधी ठरवून, एकत्र करून, शेवटी त्याच्याच हाती द्यावे. मसाई लोकांच्या वस्तीत जाल तेव्हाही दर आधी विचारावा आणि फोटो विचारून काढावा. १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी त्यांची उत्तम कुरणे काढून घेतली. उरलेल्या जमिनीवर आपण पाहुणे आहोत.

पैशांविषयी थोडक्यात. एकदम कर्ज काढून सफर करू नये. आपल्याकडे भिशी आहे, पतपेढी आहे. दहाबारा कुटुंबांनी मिळून दोनतीन वर्षांची खास भिशी लावली, तर रक्कमही जमते आणि गटही जमतो. गट असला की गाडीचा खर्च वाटला जातो आणि कंपनीशी बोलताना आवाजही मोठा होतो. रजेचेही तसेच, कायद्याने ती ३० दिवसांपर्यंत पुढे साठवता येते.

आरोग्य आणि कागद ह्यांत हयगय नको. केनियाहून परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला आपलेच सरकार मागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. ती लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि निघण्यापूर्वी निदान दहा दिवस घ्यावी लागते. साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मलेरियाच्या गोळ्यांचेही तेच. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून संगणकावरून मिळणारा प्रवासपरवाना सुरू केला आहे, तो आधी काढावा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तिथे २०१७ पासून बंदी आहे. लाडू-चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. आफ्रिका म्हणजे उष्ण, हा समज घरी ठेवा. नैरोबी महाबळेश्वराहून उंच आहे. पहाटेच्या फेरीला स्वेटर आणि कानटोपी लागते. दर दोघांमागे एक दुर्बीण असावी. आणि घड्याळ सांभाळा. स्वाहिली गणनेत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'पहिला तास'. वेळ ठरवताना कोणते घड्याळ ते विचारून घ्या.

शेवटी समुद्र. काही म्हणतात, आम्हांला कोकण आहे, मग तिथे समुद्रावर तीन दिवस कशाला? आम्ही म्हणतो, तेच तीन दिवस सर्वांत आवश्यक. पहाटे उठून धूळ खात काढलेल्या आठवड्यानंतर शरीराला थांबावे लागते आणि पाहिलेले मनात मुरावे लागते. म्हणून किनारा नेहमी शेवटी ठेवावा. मोंबासा बेटावरून लिकोनीची फेरीबोट ओलांडून डियानीला जातात. तिथे किनाऱ्याला समांतर प्रवाळाची रांग आहे. तिच्या आतले पाणी शांत, आणि ओहोटीला दूरवर चालत जाता येते. मात्र पायात वहाणा हव्यात, खडकांत काटेरी जलसाही असतात. आणि भरतीची वेळ स्थानिक कोळ्याला विचारूनच आत जावे. एक सकाळ मोंबासाच्या फोर्ट जीझसला द्या. पोर्तुगीजांनी तो १५९३ पासून बांधला आणि त्याचा कारभार गोव्याहून चाले. वसईचा तट पाहिलेल्याला तो ओळखीचा वाटेल. बाकी वेळ काही करू नका. काही न करण्याचा अधिकार हाही कष्टकऱ्याने मिळवलेलाच अधिकार आहे.

ज्यांना आफ्रिका आवाक्याबाहेरची वाटते, त्यांनी निराश होऊ नये. हीच सूत्रे आपल्या घरच्या रानाला लागू आहेत. ताडोबाला एक रात्र न जाता तीन रात्री जा, मंगळवारी ते बंद असते हे ध्यानात ठेवा, तिथल्या मार्गदर्शकाचे मोल ओळखा, आणि परतताना मुरुडला दोन दिवस जंजिऱ्यासमोर बसा. वाघ दिसला तर भाग्य. न दिसला तरी रान दिसेल.

मंडळी, कामगाराला आफ्रिका कशाला, असा प्रश्न एका सभेत आम्हांला कोणी विचारला होता. त्याचे उत्तर आज देतो. ज्या जगाचे रूळ, पूल आणि यंत्रे ज्याच्या हातांनी झाली, ते जग पाहण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. फक्त तो हक्क घाईत उधळू नये, आणि तो बजावताना तिकडच्या कष्टकऱ्याला विसरू नये. हे दोन्ही ज्या बेतात सांभाळले जाते, तो बेत चांगला. मग त्यात सिंह एक दिसो की दहा.